कार्डावरचा डावा हात

प्रश्न असा होता: इंग्रजीतले 'विदर' (wither), म्हणजे कोमेजणे, वाळणे, हे क्रियापद कशाकशाला लावता येते, आणि ते चारचौघांत उच्चारण्याचा अधिकार कोणाचा असतो? प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर शब्दकोशात आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर शोधायला मला सोलापुरातल्या एका इंग्रजी शाळेच्या सभागृहात, हातात पुठ्ठ्याचे कार्ड धरून, मुकाट उभे राहावे लागले.

सुरुवात सुपरवायझर मॅडमच्या केबिनपासून करते.

मी उभी होते. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर ऋजुता मिस बसली होती, दुसरीवर मॅडमची पर्स होती. आम्ही दोघी एकाच वर्षी शाळेत लागलो, वयही सारखेच. ती शहरातल्या नामांकित वकिलांची मुलगी, शिशुवर्गापासून इंग्रजीत शिकलेली. मी जिल्ह्यातल्या नातेपुते गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंग्रजी विषय घेऊन एमए, बीएड. नववीच्या इंग्रजीची जागा रिकामी होणार होती आणि ती आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होती.

मॅडम म्हणाल्या, "एकदा म्हणा बघू. विदर."

मी म्हणाले.

"ओठ गोल करा."

ओठ गोल करून पुन्हा म्हणाले.

मॅडम ऋजुताकडे वळल्या. "तू म्हण गं."

ती म्हणाली. शब्द तिच्या तोंडातून असा बाहेर आला, जणू तो तिथेच राहत होता.

"ऐकलंत?" मॅडम मला म्हणाल्या. "तुमचं इंग्लिश फळ्यावर छान दिसतं, मिस. तोंडात आलं की नातेपुत्याचं होतं."

'तुम्ही' या सर्वनामात आदर असतो, असे मी मुलांना शिकवते. त्या दिवशी त्यात फक्त अंतर होते. तिला 'तू', मला 'तुम्ही'. घरचे माणूस आणि कामाचे माणूस.

ऋजुता हसली नाही. तिने मान खाली घातली. मला तिचे ते न हसणेसुद्धा सहन झाले नाही. ती हसली असती, तर मला तिच्यावर रागावता आले असते. ती चांगली वागत होती आणि चांगले वागणेही तिलाच परवडत होते.

आता आमच्या शाळेतली पद्धत सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

शिक्षक वर्गावर जाण्याआधी पाठाचा आराखडा लिहितो: काय शिकवायचे, कोणती उदाहरणे द्यायची, फळ्यावर काय लिहायचे. त्याला पाठ टाचण म्हणतात. ज्याचा पाठ, त्याचे टाचण, असे आम्हाला बीएडला शिकवले होते. आमच्या शाळेत मात्र ओपन डेच्या पाठासाठी वेगळी रीत पडली होती. त्या दिवशी पालक सभागृहात बसून पाठ पाहतात आणि त्यावरूनच पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरतात, असे मॅडम म्हणत. म्हणून टाचण लिहिणारी वेगळी आणि बोलणारी वेगळी. आम्ही मराठी माध्यमातून आलेल्या बायका टाचण लिहायचो, कार्डे रंगवायचो, आणि पाठाच्या वेळी फळ्याशेजारी उभे राहून एकेक कार्ड वर धरायचो. ज्यांचे 'स्पोकन' चांगले, त्या बोलायच्या. कार्ड धरणारीने बोलायचे नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच नव्हती.

यंदा शब्द होता विदर. टाचण माझे. तोंड ऋजुताचे.

मला ऋजुताचा हेवा वाटायचा. हेवा हा शब्द मी मुद्दाम वापरते. असूया, मत्सर, जळफळाट हे सगळे त्याचे शेजारी, पण हेव्यात एक हिशोब असतो: तिच्याकडे जे आहे ते माझ्याकडेही असू शकले असते. मला तिचे घर नको होते, तिची गाडी नको होती. मला तिची जीभ हवी होती. ती फोनवर तिच्या आईशी इंग्रजीत भांडायची. भांडायची! माझ्यासाठी ती परीक्षेची भाषा. तिच्यासाठी चिडण्याची, लाडात येण्याची, अर्धे वाक्य सोडून देण्याची भाषा. शुक्रवार पेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी आरशासमोर ओठ गोल करून बसायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारले होते, "दात दुखतोय का गं?"

टाचण मात्र मी जीव ओतून लिहिले. त्यात कोणी मला ओठ गोल करायला सांगणार नव्हते.

आधी शब्दांची कुळे वेगळी केली. इंग्रजीत नाहीसे होण्याला अनेक क्रियापदे आहेत आणि मुले ती एकमेकांच्या जागी बसवतात. चादरीचा रंग उडतो, जुना फोटो पुसट होतो, दूर जाणारा आवाज विरतो: तिथे 'फेड' लागते. दात किडतो, लाकूड कुजते, इमारत मोडकळीस येते: तिथे 'डिके'. विदर या दोहोंपेक्षा वेगळे. ते त्यालाच लागते, ज्यात कधीतरी ओल होती. रोप, पान, फळ. हात-पाय. आशा. चादर विदर होत नाही, कारण ती कधी जिवंत नव्हती.

मराठीत आपण हे एकाच शब्दात मावू देत नाही. फूल कोमेजते, रोप मान टाकते, पीक करपते, पान वाळते. अंगातले बळ सरते. मी टाचणात लिहिले की इंग्रजीने या सगळ्यांना एका छपराखाली आणले आहे, म्हणून शिकवताना एकेकाची ओळख स्वतंत्र करून द्यावी. या शब्दाचे मूळ हवामानाच्या शब्दाशी, 'वेदर'शी, जोडतात, हेही लिहिले. ऊन-वाऱ्यात उघडे टाकलेले. त्या वाक्याखाली मी रेघ ओढली होती, का ते तेव्हा सांगता आले नसते.

उदाहरणे मी घरून घेतली. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, नातेपुत्यात वांगी-मिरचीची रोपे तयार करून विकतात. रोप उपटल्यापासून लावेपर्यंत ओल टिकली नाही तर काय होते, हे मी शाळेत जायच्या आधीपासून पाहिलेले. पहिले कार्ड मिरचीच्या रोपाचे केले. दुसरे द्राक्षाचे: वेलावरच सुकून जाणे. इंग्रजीत हा प्रयोग अशा बेताला लावतात, ज्याकडे कोणी वेळेवर लक्ष दिले नाही. तिसरे कार्ड हाताचे.

आप्पांचा डावा हात लहानपणीच्या तापात गेला. खांद्यापासून खाली तो वाढलाच नाही. मनगट माझ्या मनगटापेक्षा बारीक आहे. आम्ही घरात कधी 'लुळा' म्हणत नाही. आजी म्हणायची, वाळला. इंग्रजी शब्दकोशात विदरच्या खाली हुबेहूब हाच अर्थ दिलेला मी पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला. इतक्या दूरच्या भाषेला आमच्या घरातला हात माहीत होता.

पण बापाचा हात त्याला न विचारता कार्डावर कसा लिहायचा? मी फोन लावला.

"आप्पा, तुमच्या हातावर एक वाक्य केलंय. शाळेत दाखवायचंय."

"माज्या हातावर?" ते हसले. "काय म्हंती मग इंग्रजी?"

"डावा हात तापानं वाळला, असं म्हणते."

"मग बराबर हाय की. खोटं कुटं हाय त्यात? लिव." मागे पाण्याची मोटर चालू होती. ती बंद करून ते पुन्हा फोनवर आले. "आन् म्हणणार कोण? तू?"

"न्हाई. दुसऱ्या मिस हायत. त्यांचं बोलणं लई चांगलं हाय." आप्पांशी बोलताना माझी जीभ आपोआप घरी जाते.

आप्पा म्हणाले, "बरं. पण त्यास्नी सांग, डावा हाय म्हणावं. उजवा एकदम ठणठणीत हाय माजा. उगं दोनी घालवायच्या."

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकले नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न खोलीभर राहिला. म्हणणार कोण? तू?

नवी पेठेतून जाड पुठ्ठा आणि रंगीत पेने आणली. कार्डावर ठळक अक्षरात लिहिले: माय फादर्स लेफ्ट आर्म विदर्ड आफ्टर अ फीवर. 'लेफ्ट' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. आप्पांची सूचना होती ती.

ओपन डे आला. सभागृह भरले. पुढच्या रांगेत संस्थेची मंडळी, मागे पालक, उजव्या बाजूला पाठासाठी निवडलेली नववीची मुले. मॅडम पहिल्या खुर्चीत. मी फळ्याच्या डावीकडे, कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून. सकाळी मॅडमनी मला बजावले होते, की कार्ड नीट चेहऱ्याच्या उंचीवर धरा, तोंड झाकलं तरी चालेल.

ऋजुताने पाठ सुरू केला. मी खोटे सांगणार नाही, तिने तो फार चांगला घेतला. ती मुलांमध्ये फिरली, शब्दाशी खेळली, कुठे थांबायचे ते तिला माहीत होते. माझी वाक्ये तिच्या तोंडात गेली आणि श्रीमंत झाली. फेड आणि विदर यातला फरक सांगताना तिने माझेच वाक्य उचलले: चादर कधी जिवंत नव्हती. पालक एकमेकांकडे बघून माना डोलवू लागले. संस्थेच्या एका सदस्यांनी मॅडमकडे वाकून काहीतरी म्हटले. मॅडम ऋजुताकडे बोट करून हसल्या.

 ते वाक्य माझे आहे, असे ओरडावेसे वाटत होते. तेवढ्यात तिने खूण केली आणि मी निमूट पुढचे कार्ड वर धरले. द्राक्षाचे. मीही वेलावरच होते.

मग हाताचे कार्ड. मी ते वर धरले आणि ऋजुता बोलली.

"अ बेगर्स आर्म."

भिकाऱ्याचा हात. मला आधी वाटले मीच चुकीचे ऐकले. पण तिने वाक्य पुढे नेले, आवाज हळवा केला: रस्त्याच्या कडेला बसलेला एक म्हातारा भिकारी, त्याचा वाळलेला हात, पुढे पसरलेला. पुढच्या रांगेतल्या एक बाई हळहळून चुकचुकल्या. कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या.

माझे आप्पा एका हाताने रोपांचे वाफे भरतात. मोटर चालू करतात, गिऱ्हाइकाशी भाव करतात, माझी फी त्यांनी त्याच हाताने भरली. त्यांनी आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, उजवा नाही आणि डावा तर पसरताच येत नाही. आणि सोलापुरातल्या वातानुकूलित सभागृहात, गोल ओठांच्या सुंदर इंग्रजीत, माझ्या बापाला रस्त्यावर बसवले गेले होते. टाळ्या पडत होत्या. मी त्या टाळ्यांसाठी कार्ड धरून उभी होते.

ऋजुताने पुढच्या कार्डाची खूण केली.

मी कार्ड खाली केले नाही.

तिने पुन्हा खूण केली. मी हात आणखी वर नेला. चेहऱ्याच्या उंचीवरून डोक्याच्या वर. आता माझे तोंड झाकलेले नव्हते. टाळ्या थांबल्या, कारण लोक वाचू लागले. कार्ड एक सांगत होते आणि बाई दुसरे. मुलांमध्ये कुजबुज झाली. ऋजुताने वळून कार्डाकडे पाहिले. ती वाचता वाचता थबकली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"नॉट अ बेगर," मी म्हणाले. "माय फादर. लेफ्ट आर्म."

माझा आवाज फाटला होता. ओठ गोल झाले की नाही, मला माहीत नाही. मग मी पूर्ण वाक्य म्हटले, शेवटपर्यंत, तापासकट. शब्द नातेपुत्याचाच निघाला. आणि त्या हाताला नेमका बसला. तो हात नातेपुत्याचाच होता.

कोणी टाळी वाजवली नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. आता शब्दकोशातला आणखी एक अर्थ सांगते. तो मी टाचणात घेतला नव्हता, नववीच्या मुलांना जड जाईल म्हणून. हे क्रियापद सकर्मकही आहे. एखादी व्यक्ती नुसत्या नजरेने दुसऱ्याला सुकवू शकते, असे इंग्रजी मानते. त्या नजरेला ती विदरिंग म्हणते. मॅडमची नजर तशी होती. सरावाची. त्या नजरेखाली मी अनेकदा वाळले होते: खुर्चीवर पर्स ठेवली तेव्हा, तोंड झाकलं तरी चालेल म्हणाल्या तेव्हा. मी वाट पाहिली. आतून ओल जाईल, मान खाली येईल. मान खाली आली नाही. मग मी कार्ड खाली केले, माझ्या वेळेला, आणि पुढचे वर धरले. पाठ पूर्ण झाला.

दुपारी केबिनमध्ये बोलावणे आले. आज दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बसले. मला कोणी बस म्हटले नव्हते.

मॅडम म्हणाल्या की मी शाळेची शोभा केली. टाचण ऋजुताकडे देण्याआधी भिकाऱ्याचा बदल त्यांनीच त्यात केला होता. वडील वगैरे फार पर्सनल वाटतं, भिकाऱ्याने चित्र चटकन उभं राहतं. "पालकांना काय कळणार होतं, कोणाचे वडील आहेत ते?"

मी म्हणाले, "मला कळत होतं, मॅडम."

"इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"ज्या पाठाचं टाचण माझं, तो पाठ मी घेणार. नाहीतर टाचण लिहिणार नाही. कार्ड धरणार नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग नववीचं विसरा."

"नववी तुम्ही द्या किंवा देऊ नका. विसरणार नाही."

बाहेर ऋजुता थांबली होती. तिने माझा हात धरला. म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं गं. मॅडमनी वाक्य बदलून दिलं, मी म्हटलं. कार्ड तेव्हाच वाचलं." तिच्या डोळ्यांत पाणी होते, ते खरे होते. मग तिने इंग्रजीत क्षमा मागितली. ती क्षमासुद्धा किती सुंदर उच्चारली तिने. मी त्या क्षणीही ऐकत होते, जीभ कुठे लावते ते. हेव्याला लाज नसते.

मी तिला एवढेच म्हटले, "पुढच्या वेळी तुझ्या वडिलांच्या हातावर बोल."

 तिने माझा हात सोडला.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. पाठ कसा झाला, विचारले.

"मीच म्हणाले आप्पा. ते वाक्य."

"अगं मग! आन् डावा म्हणालीस न्हवं?"

"डावाच म्हणाले."

"झालं तर," ते म्हणाले आणि वांग्याच्या रोपांचे सांगू लागले. भिकाऱ्याचे मी त्यांना सांगितले नाही. त्यांना हे इथे वाचायला मिळेल, तेव्हा कळेल. कळावे.

नववी ऋजुताला मिळाली. मला पाचवीचे वर्ग दिले आहेत, तळमजल्यावर, सायकल स्टँडशेजारी. तिचा वर्ग माझ्या वरच आहे. दुपारच्या तासाला तिचा आवाज जिन्यावरून खाली येतो आणि मी फळ्यावर लिहिता लिहिता थांबते. हेवा तसाच आहे. तो वाळावा म्हणून मी काही करत नाही. त्याने मला समजूतदार केले नाही, शांत केले नाही, पण त्याने मला रोज एक तास आधी शाळेत आणले आहे. रिकाम्या वर्गात मी मोठ्याने वाचते. आरसा आता लागत नाही. नववी मी मागणार आहे, या वर्षी, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. ओठ जसे आहेत तसे घेऊन. आणि माझे एकही वाक्य आता दुसऱ्याच्या तोंडी जाणार नाही. पाचवीच्या मुलांना मी विदर शिकवले. उदाहरण तेच दिले. कार्ड मीच धरले आणि मीच वाचले.

वाचकांना विनंती आहे की माझ्या शब्दावर विसंबू नका. शब्दकोश घ्या. विदर कशाला लागते, फेड कशाला, डिके कशाला, ते स्वतः पाहा. माझे चुकले असेल तर दुरुस्त करा. मग तुमच्या मुलांच्या शाळेत ओपन डे असेल तेव्हा जा. जी बाई बोलते तिच्याकडे बघाच, पण फळ्याशेजारी कार्ड धरून जी उभी असते, तिला पाठ संपल्यावर विचारा, टाचण कोणी लिहिले. तिचे उत्तर तिच्याच तोंडून ऐका आणि तपासून पाहा.